परवानगीच्या राज्यातील संन्यासी

डिसेंबर २००८च्या पहिल्या आठवड्यात हैदराबाद शहरात जगभरचे प्रतिनिधी जमले होते. मुंबईवरील दहशतवादी हल्ल्याला जेमतेम आठवडा उलटला होता, तरीही बैठक रद्द झाली नाही. संयुक्त राष्ट्रांच्या पुढाकाराने भरणाऱ्या ‘इंटरनेट गव्हर्नन्स फोरम’ची ही तिसरी बैठक. अथेन्स आणि रिओ दि जानेरो यांच्यानंतर मान हैदराबादला मिळाला होता. महाजालाचा कारभार कोणी पाहावा, तेथे नागरिकाच्या बोलण्याचे व खासगीपणाचे रक्षण कसे व्हावे, इंग्रजी न येणाऱ्या कोट्यवधी लोकांना आपापल्या भाषेत तेथे कसे वावरता यावे, असे प्रश्न तेथे चर्चिले गेले. पुढे नोव्हेंबर २०१६मध्ये महाजालावरील नावे आणि पत्ते यांची व्यवस्था पाहणाऱ्या ‘आयकॅन’ या संस्थेचीही बैठक याच शहरात भरली. त्याच्या महिनाभर आधी, १ ऑक्टोबर २०१६ रोजी, अमेरिकी सरकारने त्या व्यवस्थेवरील आपली देखरेख सोडून दिली होती. एका सत्तेच्या हाती असलेला अधिकार अनेकांच्या सल्ल्याने चालणाऱ्या व्यवस्थेकडे गेला.

या दोन्ही बैठकांना आलेल्या पाहुण्यांपैकी फारच थोड्यांना ठाऊक असेल की, याच शहरात सत्तर वर्षांपूर्वी एक संघटना स्थापन होण्याच्या आधीच बेकायदा ठरवली गेली होती, आणि चार माणसे एकत्र येऊन बोलू शकतात की नाही याच प्रश्नावर एका संन्याशाने तुरुंग पत्करला होता. त्या संन्याशाचे नाव स्वामी रामानंद तीर्थ.

मराठवाड्याला हे नाव नवे नाही. नांदेडहून हैदराबादेकडे जाणाऱ्या रस्त्यावर नायगाव लागते. (सावित्रीबाई फुले यांचे नायगाव साताऱ्याचे, हे नांदेड जिल्ह्यातले.) पूर्वी बिलोली तालुक्यात मोडणारे हे गाव आता स्वतंत्र तालुक्याचे ठिकाण आहे. नायगावच्या महाविद्यालयातून पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्या प्रत्येक मुलामुलीच्या पदवीपत्रावर स्वामीजींचे नाव छापलेले असते, कारण नांदेडचे विद्यापीठच त्यांच्या नावाचे आहे. मात्र ते नाव तेथे का आहे, हे त्यांपैकी किती जणांना सांगता येईल, याची शंका वाटते. सतरा सप्टेंबरला झेंडावंदन होते, भाषणे होतात. पण हैदराबाद मुक्तिसंग्राम म्हणजे रझाकारांशी झालेली झुंज एवढेच चित्र मनात उरते. त्या झुंजीच्या आधीची दहा वर्षे सभा, वृत्तपत्र, शाळा आणि भाषा यांच्या हक्कांसाठी झालेल्या एका चिवट लढ्याची होती, हे मागे पडले आहे.

स्वामीजींचे पूर्वाश्रमीचे नाव व्यंकटेश खेडगीकर. जन्म ३ ऑक्टोबर १९०३ रोजी विजापूर जिल्ह्यातील सिंदगी येथे झाला. घरची परिस्थिती बेताची. असहकाराच्या वाऱ्याने त्या काळातील अनेक विद्यार्थ्यांप्रमाणे त्यांनाही सरकारी शिक्षणातून बाहेर ओढले. १ ऑगस्ट १९२० रोजी लोकमान्य टिळकांचे निधन झाले, तेव्हा या सतरा वर्षांच्याही आतल्या मुलाने आजन्म अविवाहित राहून देशसेवा करण्याचे व्रत घेतले. अशी व्रते त्या दिवसांत पुष्कळांनी घेतली. शेवटपर्यंत पाळणारे थोडे निघाले. टिळक महाराष्ट्र विद्यापीठात त्यांनी शिक्षण पुरे केले. त्यासाठी लोकशाहीच्या विकासावर त्यांनी प्रबंध लिहिला होता. पुढे ज्या राज्यात लोकशाहीचा उच्चारही संशयास्पद होता, तेथेच आपले आयुष्य जाणार आहे, याची त्यांना तेव्हा कल्पना नसावी. कामगार चळवळीचे नेते ना. म. जोशी यांच्याबरोबर त्यांनी काही काळ काम केले. कामगारांचे प्रश्न, संघटनेची शिस्त, ठरावाची भाषा हे सारे ते तेथे शिकले. प्रकृतीने दगा दिला आणि तो मार्ग सुटला.

त्यानंतर ते आले हिप्परग्याला. आजच्या धाराशिव जिल्ह्यातील हे आडवळणाचे खेडे. तेथे १९२१ साली व्यंकटराव देशमुख व अनंतराव कुलकर्णी यांनी राष्ट्रीय विद्यालय सुरू केले होते. बाबासाहेब परांजपे यांच्यासारखे सहकारी तेथेच भेटले. याच गावात व्यंकटेश खेडगीकरांनी संन्यासदीक्षा घेतली आणि ते स्वामी रामानंद तीर्थ झाले. हा संन्यास जगाकडे पाठ फिरवणारा नव्हता. घरदार, मालमत्ता, नातीगोती यांपैकी सरकारला ओलीस धरता येईल असे काहीच त्यांनी आपल्याजवळ ठेवले नाही, असा त्याचा व्यावहारिक अर्थ पुढे निघाला. निजामाच्या राज्यात जप्तीची भीती दाखवून माणसे गप्प केली जात. ज्याच्याजवळ जप्त करण्याजोगे काही नाही, त्याच्यापुढे ही भीती निरुपयोगी ठरे.

१९३५च्या सुमारास ते मोमिनाबादला, म्हणजे अंबाजोगाईला, योगेश्वरी नूतन विद्यालयात आले. शिक्षक म्हणून त्यांचा दबदबा होता. पण निजामाच्या राज्यात शाळा चालवणे हीसुद्धा परवानगीची बाब होती, आणि तेथेच त्यांना त्या राज्याचे खरे स्वरूप उमगले.

हे स्वरूप थोडे समजून घेतले पाहिजे. हैदराबाद हे हिंदुस्थानातील सर्वांत मोठ्या संस्थानांपैकी एक. १९४१च्या जनगणनेनुसार लोकसंख्या दीड कोटीहून अधिक. तेलुगू, मराठी, कानडी बोलणारी बहुसंख्य प्रजा. कारभाराची आणि उच्च शिक्षणाची भाषा उर्दू. मराठवाड्याचे औरंगाबाद, बीड, नांदेड, परभणी आणि उस्मानाबाद हे पाच जिल्हे त्यात. लोकांनी निवडलेले आणि लोकांना जबाबदार असे मंत्रिमंडळ नव्हते. फर्मान निघाले की तोच कायदा. १९२९-३०च्या सुमारास निघालेली ‘गश्ती निशान ५३’ ही अशीच एक आज्ञा. गश्ती म्हणजे परिपत्रक. या परिपत्रकाने सार्वजनिक सभेसाठी आगाऊ सरकारी परवानगी आवश्यक केली. खासगी शाळांना परवानगी, आखाड्यांना परवानगी, वाचनालयांवर नजर. परवानगी नाकारताना कारण सांगण्याचे बंधन अधिकाऱ्यावर नसे, आणि नाकारल्यावर दाद मागण्यासाठी जागा नसे. सरसकट बंदीपेक्षा ही रीत सरकारला अधिक सोयीची होती. बंदी घातली की ती दिसते, तिची चर्चा होते. परवानगीचा अर्ज कचेरीत पडून राहिला, तर सभाच होत नाही आणि काही घडले असेही कोणाला वाटत नाही.

या कोंडीवर पहिला उपाय म्हणून महाराष्ट्र परिषद जन्माला आली. तिचे पहिले अधिवेशन १९३७ साली परतूर येथे गोविंदराव नानल यांच्या अध्यक्षतेखाली झाले. दुसरे पुढच्या वर्षी लातूरला. मातृभाषेतून शिक्षण, सभाबंदीचे परिपत्रक मागे घेणे, नागरी स्वातंत्र्य अशा मागण्या तेथे मांडल्या गेल्या. मवाळ मंडळींना अर्ज-विनंत्यांचा मार्ग बरा वाटे. स्वामीजींना तो अपुरा वाटू लागला. मराठी, तेलुगू आणि कानडी भाषकांच्या वेगवेगळ्या परिषदांनी मिळून संस्थानभर एकच राजकीय संघटना उभारावी, असा विचार पुढे आला. नाव ठरले हैदराबाद स्टेट काँग्रेस.

सप्टेंबर १९३८मध्ये या संघटनेची रीतसर स्थापना होण्याआधीच सरकारने तिच्यावर बंदी घातली. संघटना बाहेरच्या शक्तींशी बांधलेली आहे आणि तिचे स्वरूप जातीय आहे, असा सरकारचा आक्षेप होता. ‘काँग्रेस’ या नावालाच त्याची हरकत होती. २४ ऑक्टोबर १९३८ रोजी सत्याग्रह सुरू झाला. गोविंदराव नानलांच्या तुकडीने आरंभ केला. पाठोपाठ स्वामीजीही तुरुंगात गेले. शाळेतील नोकरी त्यांनी आधीच सोडली होती.

नोव्हेंबरमध्ये औरंगाबादच्या इंटरमिजिएट कॉलेजात आणि हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाच्या वसतिगृहांत ‘वंदे मातरम्’ म्हणण्यावरून विद्यार्थ्यांची चळवळ पेटली. शेकडो विद्यार्थ्यांना काढून टाकण्यात आले. त्यांपैकी अनेकांना नागपूर विद्यापीठाने प्रवेश दिला. पुढे देशाचे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव हे त्यांतलेच एक. स्वामीजींच्या भोवती जमलेली तरुण पिढी, गोविंदभाई श्रॉफ, अनंत भालेराव आणि इतर, याच मंथनातून वर आली.

मात्र डिसेंबर १९३८मध्ये स्टेट काँग्रेसने सत्याग्रह थांबवला. आर्य समाज आणि हिंदू महासभा यांचेही सत्याग्रह त्याच सुमारास सुरू होते. त्यांच्या मागण्या धार्मिक स्वातंत्र्याच्या होत्या. स्टेट काँग्रेसची मागणी सर्व धर्मांच्या प्रजेसाठी नागरी हक्कांची आणि जबाबदार राज्यपद्धतीची होती. दोन्ही प्रवाह एकत्र मिसळले, तर सरकारचा जातीयतेचा आरोप आपोआप खरा ठरेल, असे गांधीजींचे मत पडले. तुरुंगात असलेल्या कार्यकर्त्यांना हा निर्णय झोंबला. काहींना तो अजूनही चुकीचा वाटतो. पण हक्क मागायचा तर सर्वांसाठी मागायचा, हा धडा स्वामीजींनी त्यातून घेतला आणि पुढची दहा वर्षे तो सोडला नाही. संघटनेचे नाव बदलण्याचाही विचार झाला. तरी बंदी काही उठली नाही. १९४०चा वैयक्तिक सत्याग्रह, १९४२चे आंदोलन, प्रत्येक वेळी स्वामीजी पुन्हा तुरुंगात. बंदी उठली ती थेट १९४६च्या जुलैमध्ये, म्हणजे जवळजवळ आठ वर्षांनी.

या काळातील वृत्तपत्रांची कथा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. पण तिचा एक धागा येथे आवश्यक आहे. आ. कृ. वाघमारे यांनी १९३८मध्ये ‘मराठवाडा’ हे साप्ताहिक काढले, ते पुण्याहून. संस्थानात राहून असे पत्र काढणे शक्यच नव्हते. निजाम सरकारने त्याला प्रवेशबंदी केली. वाघमाऱ्यांनी नाव बदलले आणि तेच पत्र पुन्हा संस्थानात धाडले. त्या नावावर बंदी आली की आणखी नवे नाव. मजकूर तोच, वाचक तेच, मुखपृष्ठावरील अक्षरे तेवढी निराळी. एक संकेतस्थळ अडवले की तोच मजकूर दुसऱ्या पत्त्यावर उगवतो, हा प्रकार महाजालाच्या पिढीला परिचयाचा आहे. मराठवाड्यातील वाचक तो शाईच्या काळातच पाहून चुकला होता, आणि असे अंक हातोहात पोचवणाऱ्यांना त्यासाठी पोलिसांचा मार खावा लागला होता.

१९४६ साली अटीतटीच्या निवडणुकीनंतर स्वामीजी स्टेट काँग्रेसचे अध्यक्ष झाले. मवाळ आणि जहाल असा तट संघटनेत होताच. त्याच वर्षी बिलोली तालुक्यातील अर्जापूरजवळ कार्यकर्ते गोविंदराव पानसरे यांची हत्या झाली. नायगाव-बिलोलीच्या पट्ट्यात ही बातमी कशी पसरली असेल, याची कल्पना करता येते. सभा घेण्याचा हक्क मागणाऱ्यांना आता कारकुनाच्या नकाराऐवजी शस्त्राला तोंड द्यावे लागणार होते. जून १९४७मध्ये हैदराबादेत मुशीराबाद येथे स्टेट काँग्रेसचे पहिले खुले अधिवेशन भरले. स्थापनेआधीच बंदी आलेल्या संघटनेला उघड्या मंडपात बसण्यासाठी नऊ वर्षे लागली. भारतात विलीन होण्याची मागणी तेथे ठामपणे मांडली गेली. ७ ऑगस्टला विलीनीकरण दिन पाळण्यात आला. १५ ऑगस्टला देश स्वतंत्र झाला, आणि हैदराबाद शहरात तिरंगा फडकावणारे स्वामीजी त्याच दिवशी गजाआड गेले. नोव्हेंबरअखेर जैसे-थे करार झाला, तेव्हा त्यांची सुटका झाली. दोन महिन्यांतच, जानेवारी १९४८मध्ये, ते पुन्हा तुरुंगात. मग सुटले ते पोलीस कारवाई संपल्यावर, सप्टेंबरात.

म्हणजे लढ्याच्या सर्वांत धगधगत्या महिन्यांत नेता तुरुंगात होता. बाहेर संस्थानाच्या सीमेवरील शिबिरांतून कार्यकर्ते सशस्त्र प्रतिकार करीत होते. ३० जानेवारी १९४८ रोजी नायगावच्या शेजारच्या उमरी येथील बँक त्यांनी लुटली. योगायोग असा की, त्याच दिवशी संध्याकाळी दिल्लीत गांधीजींची हत्या झाली. लुटलेल्या पैशाचा हिशेब ठेवला गेला, ही गोष्ट नांदेड जिल्ह्यात आजही अभिमानाने सांगितली जाते. पण अहिंसेचे व्रत घेतलेल्या संन्याशाच्या संघटनेने बंदूक हाती घेतली, हे त्या लढ्यातील अवघड प्रकरण आहे आणि ते अवघड म्हणूनच सांगितले पाहिजे. शांततेने बोलण्याच्या वाटा राज्याने एकामागून एक बंद केल्या होत्या, हे त्याचे स्पष्टीकरण आहे. त्याने सारे प्रश्न मिटतात असे नव्हे.

ऑगस्ट १९४८मध्ये हैदराबादेत शोएबुल्ला खान या तरुण संपादकाचा खून झाला. ‘इमरोज’ हे त्याचे उर्दू दैनिक. संस्थानाने भारतात सामील व्हावे, अशी त्याची भूमिका होती. धमक्या येऊनही लेखणी थांबली नाही, तेव्हा रझाकारांनी रात्री कचेरीतून घरी परतताना त्याला गाठले. मारेकऱ्यांनी त्याचा हातही तोडला. या एका घटनेने निजामी राजवटीचे आणखी एक ढोंग उघडे पडले. लढा मुसलमानांविरुद्ध आहे असे सांगणाऱ्यांनी स्वतःच एका मुसलमान पत्रकाराला बोलल्याबद्दल मारले होते. स्वामीजींच्या सर्वांसाठी हक्क मागण्याच्या आग्रहाला याहून मोठा पुरावा कोणता हवा होता?

१३ ते १७ सप्टेंबर या दिवसांत भारतीय फौजांची कारवाई झाली आणि निजाम शरण आला. तीन महिन्यांच्या आत, १० डिसेंबर १९४८ रोजी, पॅरिसमध्ये संयुक्त राष्ट्रांनी मानवी हक्कांचा जाहीरनामा स्वीकारला. मत बाळगण्याचे, माहिती मिळवण्याचे आणि ती कोणत्याही माध्यमातून, सीमांची पर्वा न करता पोचवण्याचे स्वातंत्र्य त्याच्या एकोणिसाव्या कलमात आहे. पुढे जुलै २०१२मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क परिषदेने ठराव केला की, जे हक्क माणसाला प्रत्यक्ष जगात आहेत त्यांचे महाजालावरही रक्षण झाले पाहिजे.

या विजयाला एक काळी बाजू आहे, आणि स्वामीजींच्या चरित्रातही ती वगळून चालणार नाही. पोलीस कारवाईच्या काळात व नंतर संस्थानात मुसलमानांची मोठ्या प्रमाणावर हत्या झाली. पंडित नेहरूंनी पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने जी पाहणी केली, तिच्यात मृतांचा अंदाज सत्तावीस ते चाळीस हजार असा आहे. सर्वाधिक झळ पोचलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबाद आणि नांदेड ही नावे आहेत. हा अहवाल त्या वेळी प्रसिद्ध झाला नाही. दिल्लीतील नेहरू स्मारक ग्रंथालयात तो अभ्यासकांना पाहावयास मिळाला तो २०१३च्या सुमारास. माहिती दडपण्याची सवय निजामाबरोबर गेली नाही. ती लोकनियुक्त सरकारांतही राहिली.

स्वातंत्र्यानंतर स्वामीजींनी मंत्रिपद घेतले नाही. १९५२मध्ये गुलबर्ग्याहून आणि १९५७मध्ये औरंगाबादहून ते लोकसभेवर निवडून गेले. नांदेडमध्ये १९५० साली त्यांच्या प्रेरणेने पीपल्स कॉलेज सुरू झाले. नरहर कुरुंदकर पुढे तेथेच प्राचार्य झाले. हैदराबाद राज्याचे भाषेनुसार विभाजन व्हावे, ही भूमिका त्यांनी ठामपणे घेतली. ज्या राज्याच्या मुक्तीसाठी आयुष्य वेचले, तेच राज्य मोडावे असे म्हणणे सोपे नव्हते. पण प्रजेला तिच्या भाषेत राज्यकारभार मिळावा, हे परतूर आणि लातूरच्या परिषदांतील मागणीचेच पुढचे पाऊल होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्य नकाशावरून गेले. भाषेचा तो प्रश्न महाजालावर फार उशिरा पोचला. मराठीसह अनेक भाषांना चालणारे देवनागरीतील ‘.भारत’ हे पत्त्याचे शेपूट ऑगस्ट २०१४मध्ये सुरू झाले.

स्वामीजींचे शिष्य मात्र परवानगीच्या राज्याला विसरले नाहीत. १९७५मध्ये आणीबाणी आली, तेव्हा स्वामीजी हयात नव्हते; पण ‘मराठवाडा’चे संपादक अनंत भालेराव पुन्हा तुरुंगात गेले. निजामाच्या तुरुंगाची ओळख असलेला माणूस स्वतंत्र भारताच्या तुरुंगातही राहून आला.

त्यानंतरची साधने बदलली. नोव्हेंबर २०१२मध्ये फेसबुकवरील मजकुरावरून पालघरच्या दोन तरुणींना अटक झाली, तेव्हा माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ६६-अ हे कलम देशभर चर्चेत आले. २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते घटनाबाह्य ठरवले. ऑक्टोबर २०२३च्या अखेरीस मराठा आरक्षण आंदोलनात बीड जिल्ह्यात जाळपोळ झाली आणि तेथील इंटरनेट बंद करण्यात आले. फेब्रुवारी २०२४मध्ये जालना, बीड आणि छत्रपती संभाजीनगर येथे पुन्हा तेच घडले. जाळपोळ रोखणे हे सरकारचे कर्तव्यच आहे, त्याबद्दल वाद नाही. वाद आहे तो रीतीचा. जानेवारी २०२०मध्ये काश्मीरमधील बंदीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बजावले की, असा आदेश प्रसिद्ध केला पाहिजे, तो बेमुदत असता कामा नये, तो प्रसंगाच्या प्रमाणात हवा आणि त्याला न्यायालयात आव्हान देता आले पाहिजे. इंटरनेट हा स्वतःच मूलभूत हक्क आहे की नाही, हे न्यायालयाने ठरवले नाही. त्याच्या आधारे होणारे बोलणे आणि व्यापार मात्र घटनेने संरक्षित मानले. गश्ती निशान ५३च्या काळात स्वामीजी आणि त्यांचे सहकारी नेमके एवढेच मागत होते: सरकारने कारण सांगावे, ते कारण लोकांपुढे ठेवावे, आणि त्याबद्दल जाब विचारण्यास जागा असावी.

अखेरची वर्षे स्वामीजींनी हैदराबादेत बेगमपेठ येथे काढली. १९६७मध्ये हैदराबादच्या मुक्तिसंग्रामाच्या आठवणींचे त्यांचे इंग्रजी पुस्तक निघाले. २२ जानेवारी १९७२ रोजी त्यांचे निधन झाले. बेगमपेठेतच त्यांची समाधी आहे. १७ सप्टेंबर १९९४ रोजी मराठवाडा विद्यापीठाचे विभाजन होऊन नांदेडला नवे विद्यापीठ स्थापन झाले आणि त्याला त्यांचे नाव देण्यात आले. नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोली या जिल्ह्यांतील महाविद्यालये त्याच्या कक्षेत येतात. नायगावच्या विद्यार्थ्याला आज त्या विद्यापीठाचा निकाल पाहायचा असेल, तर तो हातातील फोनवरच पाहतो.